जुन्या संगणकाला नवा वेग : किती, कसा आणि थांबायचे कुठे?

सातारा-सांगली भागातल्या आपल्या घरांत संगणक आता केवळ मुलांच्या अभ्यासापुरता राहिलेला नाही. कुणी त्यावर निकाहचे व्हिडिओ जोडते, कुणी लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचे डिझाइन करते, कुणी दुकानाचा हिशेब ठेवते. इंजिनिअरिंगला असलेली मुले-मुली त्यावर प्रोजेक्ट करतात. यंत्र सात-आठ वर्षांचे झाले की ते दमल्यासारखे वाटू लागते. नव्याची किंमत ऐकून घरातली मोठी माणसे गप्प होतात आणि मुलगा म्हणतो, "अब्बा, नवीन राहू द्या. आहे तोच प्रोसेसर ओव्हरक्लॉक करतो. पैसे न घालता वेग वाढेल." अब्बांना वाटते, आहे तेही यंत्र जळून जाईल.

आमच्या मते दोघांचेही अर्धे-अर्धे खरे आहे. प्रोसेसरचा वेग वाढवता येतो आणि नीट केले तर यंत्र जळत नाही. पण हा वेग फुकट नसतो. त्याची किंमत उष्णतेत, विजेत आणि विश्वासार्हतेत मोजावी लागते. यांतली शेवटची किंमत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे.

वेग म्हणजे काय, कॅशे म्हणजे काय

प्रोसेसरच्या आत एक ठेका चालतो. ३.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३५० कोटी ठोके. साधारणपणे १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठेका असतो आणि त्याला एका आकड्याने गुणले जाते. ३५ ने गुणले की ३.५ गिगाहर्ट्झ होतात. या गुणकाला मल्टिप्लायर म्हणतात. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

कॅशे समजायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. अम्मी चुलीपाशी उभ्या आहेत. हळद-तिखटाचा मसाल्याचा डबा हाताशी आहे, पीठ-डाळ फडताळात आहे आणि महिन्याचा किराणा माळ्यावर आहे. अम्मी म्हणजे प्रोसेसरचा कोअर, मसाल्याचा डबा म्हणजे कॅशे, फडताळ म्हणजे रॅम आणि माळा म्हणजे हार्ड डिस्क. हात कितीही चपळ असला तरी प्रत्येक चिमटीसाठी फडताळापर्यंत जावे लागले तर स्वयंपाक रखडणारच.

१९९८ साली इंटेलने आणलेला सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर याच कारणाने गाजला. त्याची कॅशे फक्त १२८ केबी होती, पण ती प्रोसेसरच्याच चकतीवर होती आणि त्याच्याच पूर्ण वेगाने चालायची. त्या वेळच्या महागड्या पेंटियम-टूची ५१२ केबी कॅशे चकतीबाहेर होती आणि निम्म्या वेगाने चाले. हौशी लोकांनी मदरबोर्डचा ठेका ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला, तेव्हा ३०० चा सेलेरॉन ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागला आणि कितीतरी महाग यंत्रांच्या बरोबरीला आला. ओव्हरक्लॉकिंगची हौस सामान्य घरांपर्यंत पोचवण्यात या प्रोसेसरचा मोठा वाटा आहे.

पुढे इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून प्रोसेसरमधल्या सामाईक कॅशेचा वेग कोअरच्या वेगापासून वेगळा ठेवता येऊ लागला. बायोसमध्ये त्याला कॅशे रेशो, रिंग रेशो किंवा अनकोअर अशी नावे दिसतात. म्हणून अशा यंत्रात दोन कामे वेगवेगळी करावी लागतात, आधी कोअर आणि मग कॅशे.

आपल्या यंत्रात हे शक्य आहे का?

सेकंड हँड बाजारातून आलेले, एकेकाळी कंपन्यांच्या कचेऱ्यांत चाललेले डेस्कटॉप आपल्याकडे बऱ्याच घरांत असतात. त्यांतल्या बहुतेकांत ओव्हरक्लॉकिंग होत नाही. इंटेलमध्ये मॉडेलच्या आकड्यापुढे 'के' हे अक्षर हवे, उदाहरणार्थ कोअर आय-सेव्हन ४७७०के, आणि मदरबोर्ड 'झेड' मालिकेचा हवा. एएमडीच्या बहुतेक रायझन डेस्कटॉप प्रोसेसरचा मल्टिप्लायर खुला असतो, पण मदरबोर्ड 'बी' किंवा 'एक्स' मालिकेचा लागतो. ए३२० किंवा ए५२० सारख्या स्वस्त बोर्डांवर ही सोय नसते. रायझनमध्ये कॅशे कोअरच्याच ठेक्यावर चालते, त्यामुळे ती वेगळी वाढवण्याचा प्रश्न येत नाही. लॅपटॉपच्या वाटेला तर जाऊच नये, त्यात उष्णता बाहेर पडायला जागाच नसते.

एएमडीचेच दुसरे उदाहरण बोलके आहे. २०२२ साली आलेल्या रायझन ५८००एक्स३डी या प्रोसेसरवर कॅशेचा जादा थर चढवून ती ९६ एमबी केली होती. त्याचा ठेका साध्या ५८००एक्सपेक्षा कमी होता, तरी बऱ्याच गेममध्ये तो पुढे गेला. त्या थराला जास्त व्होल्टेज सोसत नाही म्हणून कंपनीने त्याचा मल्टिप्लायर बंदच ठेवला. कॅशे किती उपयोगी आणि किती नाजूक, या दोन्ही गोष्टी इथे एकदमच कळतात.

आधी अडचण शोधा

संगणक संथ वाटतो तेव्हा दोष प्रोसेसरचाच असतो असे नाही. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहावा. प्रोसेसर ३०-४० टक्क्यांवर आणि डिस्क १०० टक्क्यांवर असेल तर एसएसडी बसवावी. रॅम भरलेली असेल तर रॅम वाढवावी. या दोन्ही गोष्टी ओव्हरक्लॉकिंगपेक्षा सोप्या आहेत आणि फरक कितीतरी मोठा पडतो. प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर राहत असेल, उदाहरणार्थ व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

मिळणार काय, याचाही हिशेब आधी मांडू. ४७७०के हा प्रोसेसर चारही कोअरवर काम पडले की ३.७ गिगाहर्ट्झने चालतो. तो ४.२ वर नेला तर एका तासाचे एक्स्पोर्ट सुमारे ५३ मिनिटांत होईल. लग्नसराईत रोज चार-पाच तास एक्स्पोर्ट करणाऱ्याला ही अर्ध्या तासाची बचत आहे. पत्रिका टाइप करणाऱ्याला किंवा ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याला ती जाणवणारही नाही.

आपल्याकडचे ऊन, धूळ आणि वीज

वेग वाढवताना बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.७ वरून ४.२ गिगाहर्ट्झ आणि १.०५ वरून १.२० व्होल्ट असा बदल केला तर वेग साडेतेरा टक्क्यांनी वाढतो, पण विजेची भूक जवळपास ४८ टक्क्यांनी वाढते. ८४ वॉटचा प्रोसेसर सव्वाशे वॉटच्या आसपास जातो. रोज आठ तास असे काम केले तर महिन्याला सुमारे १० युनिट जादा पडतात.

ही उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत सोडायची असते. खोलीचे तापमान १२ अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही जवळपास तेवढेच वाढते. साताऱ्यात डिसेंबरच्या थंडीत रात्री केलेली जुळणी उत्तम चालेल. तीच सांगली-मिरजेत मे महिन्याच्या दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, कोलमडेल. म्हणून चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी करावी. हिवाळ्यात करत असाल तर किमान १५ अंशांची सवड राखून ठेवावी.

दुसरा शत्रू धूळ. उसाच्या पट्ट्यात फडातले पाचट पेटवले की काळी राख घराघरांत येते. ती पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या पात्यांत जाळीसारखी बसते. आधी कॅबिनेट उघडून ब्रशने आणि हवेच्या झोताने साफ करावे. झोत मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसरवरची जुनी, वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढावे आणि त्यावरचे भरतकामाचे कव्हर यंत्र चालू असताना तरी उतरवून ठेवावे. एवढ्यानेच यंत्र सुधारल्याचे अनेकांना आढळेल, कारण फार तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून घेतो. पुढे जायचे तर प्रोसेसरसोबत मिळणारा छोटा पंखा पुरत नाही. दोन-तीन हजारांचा उभा टॉवर कूलर घ्यावा लागतो, म्हणजे 'फुकट' हा शब्द इथेच गळून पडतो.

तिसरी गोष्ट वीज. घराला चांगले अर्थिंग हवे. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेल्या वॉटवर विसंबू नये, '८० प्लस' प्रमाणपत्र असलेला घ्यावा. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर सगळ्याची बेरीज करून पाहावी. बायोस अपडेट करताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो. वळवाच्या पावसाचे ढग दाटलेल्या संध्याकाळी ते काम मुळीच काढू नये.

पायरी पायरीने

मिरजेत शिकलगार घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथे तार चढवताना पाहिले तर कारागीर खुंटी एकदम पिळत नाही. थोडी पिळतो, ऐकतो आणि पुन्हा थोडी पिळतो. प्रोसेसरचेही तसेच करायचे. खालचे आकडे आम्ही ४७७०के आणि त्याच्या पिढीसाठी देत आहोत. दुसऱ्या पिढीचे व्होल्टेज वेगळे असते, तिथे हे आकडे लावू नयेत.

१. सर्व फाइलींची प्रत दोन ठिकाणी ठेवा. त्यांतली एक संगणकाबाहेर हवी. चाचणी चालू असेपर्यंत कामाची हार्ड डिस्क केबल काढून बाजूला ठेवली तर उत्तम.

२. बायोसमधल्या सध्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. यंत्र सुरूच झाले नाही तर बायोस मूळ स्थितीत आणणारा सीमॉस जंपर कुठे आहे, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत आधीच पाहून ठेवा.

३. काहीही न बदलता प्राइम९५ सारखा ताणचाचणीचा प्रोग्राम अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान पाहा. मूळ वेगावरच ८० अंश ओलांडत असतील तर इथेच थांबा, आधी कूलर सुधारा.

४. रॅमचे एक्सएमपी बंद ठेवा. कॅशे रेशो मूळ आकड्यावर पक्का करा. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर बिघाड कशाने झाला ते कळते.

५. व्होल्टेज 'ऑटो'वर सोडू नका. मदरबोर्ड ते गरजेपेक्षा बरेच जास्त देऊ शकतो. ते हाताने ठरवा.

६. कोअर मल्टिप्लायर एकाने वाढवा, विंडोज सुरू करा आणि १५-२० मिनिटे चाचणी घ्या. टिकले तर पुढचा आकडा. यंत्र गोठले किंवा निळा पडदा आला तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ ने वाढवा. घरगुती वापरासाठी १.२५ व्होल्ट आणि ८० अंश ही आम्ही शेवटची रेघ मानतो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांची आहे, पण मर्यादा ही राहण्याची जागा नव्हे.

७. जिथे अडले तिथून एक पायरी मागे या. मग सहा-आठ तासांची मोठी चाचणी घ्या. ती दिवसा, घरात कुणी जागे असताना घ्यावी.

८. आता कॅशे. रिंग रेशो एकेकाने वाढवा, पण कोअरच्या पुढे नेऊ नका. दोन-तीन आकडे मागे असला तरी चालते. रिंगचे व्होल्टेज १.२० च्या आत ठेवा. कॅशेची चूक छोट्या गणितांच्या चाचणीत लपून राहते, कारण त्यात प्रोसेसर आणि रॅम यांच्यात ये-जा कमी असते. प्राइम९५ मधली 'ब्लेंड' चाचणी यासाठी घ्यावी.

९. शेवटी रॅमचे एक्सएमपी चालू करून सगळी चाचणी पुन्हा घ्या. काम नसताना वेग आणि व्होल्टेज आपोआप उतरवणाऱ्या सोयी चालूच ठेवा.

कॅशे वाढवून मिळणारा फायदा कोअरच्या मानाने अगदी थोडा असतो. तिच्यामुळे कोअरचा मिळालेला वेग अस्थिर होत असेल तर कॅशे मूळ आकड्यावर परत नेण्यात काहीच कमीपणा नाही. दोन्हींपैकी एक निवडायचे झाले तर कोअर निवडावा.

न दिसणारी चूक

यंत्र गोठले तर ते लगेच कळते. त्याहून वाईट असते ती मुकाट्याने झालेली चूक. प्रोसेसरने किंवा कॅशेने एखादा आकडा चुकीचा दिला, संगणक चालूच राहिला आणि तो चुकीचा आकडा फाइलमध्ये लिहिला गेला. महिन्याभराने फोटो उघडला तर त्याचा अर्धा भाग राखाडी दिसतो, झिप फाइल उघडत नाही, हिशेबाची फाइल खराब निघते. तोवर बॅकअपमध्येही तीच खराब फाइल जाऊन बसलेली असते.

म्हणून जुळणी झाल्यावर पहिले काही आठवडे विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी पाहत राहाव्यात. संगणक सुरळीत चाललेला दिसत असतानाही तिथे 'दुरुस्त केलेली चूक' अशी नोंद येऊ शकते. 'कॅशे हायरार्की' असा उल्लेख आला तर कॅशेचा वेग लगेच खाली आणावा. एकही नोंद आली तरी एक पायरी मागे यावे. बॅकअप घेताना जुनी प्रत पुसून नवी लिहू नये, दोन-तीन जुन्या प्रती राहू द्याव्यात.

दुसऱ्याच्या निकाहचे फोटो आणि व्हिडिओ आपल्या संगणकात असतात तेव्हा ती अमानत असते. वधूचे आई-वडील तो दिवस पुन्हा आणू शकत नाहीत. तासामागे सात मिनिटे वाचवण्यासाठी ती अमानत धोक्यात घालण्याचा हक्क आपल्याला नाही. गेमसाठी किंवा शिकण्यासाठी वेगळे यंत्र असेल तर त्यावर खुशाल प्रयोग करावेत. ज्या यंत्रावर दुसऱ्याचे काम आहे, त्यावर वरच्या सगळ्या चाचण्या पार झाल्याशिवाय एकही नवी ऑर्डर चढवू नये.

जास्त व्होल्टेज हळूहळू खाते

प्रोसेसर एका दिवसात सहसा जळत नाही, कारण फार तापला की तो स्वतःला बंद करतो. पण वाढलेले व्होल्टेज आणि उष्णता त्याला आतून झिजवत राहतात. काही महिन्यांपूर्वी ज्या व्होल्टेजवर तो नीट चालत होता, त्यावर तो अडखळू लागतो. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये हेच दिसले, आणि तेही ओव्हरक्लॉक न केलेल्या यंत्रांतसुद्धा. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्ट २०२४ पासून कंपनीने त्यासाठी मायक्रोकोडचे अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. ज्यांच्याकडे ही यंत्रे आहेत त्यांनी वेग वाढवण्याआधी मदरबोर्डचा बायोस अद्ययावत आहे का ते पाहावे. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेल्या नुकसानीला साधी वॉरंटी लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

यावर एक उलटा आणि शहाणा उपाय आहे. वेग आहे तोच ठेवून व्होल्टेज थोडे थोडे कमी करत जायचे, म्हणजे अंडरव्होल्टिंग. चाचण्यांची पद्धत तीच. बरेच प्रोसेसर कंपनीने दिलेल्या व्होल्टेजपेक्षा कमीवर चालतात. ते थंड राहतात, पंख्याचा आवाज उतरतो, विजेचे बिल कमी होते. उष्णतेमुळे वेग कमी करून घेणारे यंत्र तर यामुळे उन्हाळ्यात आधीपेक्षा जलद चालते. आपल्याकडच्या एप्रिल-मेसाठी आम्ही पहिली शिफारस हीच करू.

घरात बोलून ठरवा

मुलांनी हे शिकावे असे आम्हांला वाटते. स्वतःच्या हाताने कॅबिनेट उघडणारी, तापमानाची वही ठेवणारी, एकेक आकडा बदलून कारण शोधणारी मुलगी किंवा मुलगा पाठ्यपुस्तकाबाहेरचे शास्त्र शिकत असतो. मोठ्यांनी "हात लावू नकोस" म्हणण्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत. फाइलींची प्रत बाहेर ठेवली का? मूळ स्थितीत परत कसे आणायचे ते माहीत आहे का? चाचणीत तापमान किती आले? तिन्हींची उत्तरे वहीत लिहिलेली असतील तर परवानगी द्यावी आणि शक्य झाल्यास शेजारी बसून पाहावे. उत्तरे नसतील तर ती मिळेपर्यंत थांबावे. पंख्याची धूळ काढायला आणि नवी पेस्ट लावायला मात्र कुणाच्या परवानगीची वाट पाहू नये. येत्या सुट्टीच्या दिवशी सुरुवात तिथूनच करावी.